आधी बेरीज

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी गिरिजाचं आणि तिच्या वडिलांचं, अप्पांचं, वाजलं ते चहावरून.

बार्शीत चिंचेचा हंगाम ऐन भरात होता. गल्लीत दारोदार बायका चिंच फोडत बसल्या होत्या आणि तो आंबूस वास खिडकीतून आत येत होता. आतल्या खोलीत अप्पा वजनकाट्यावर उभे होते. पंचा नेसलेले, पाठ ताठ, जणू समोर पाचवीचा वर्ग बसला आहे.

"साडेअठ्ठावन्न," ते म्हणाले.

"परवा यंत्रानं सत्तावन्नवर आणून सोडलं होतं ना तुम्हाला?" गिरिजा दारातूनच म्हणाली. "दोन दिवसांत दीड किलो? अप्पा, खरं सांगा. माठाकडं गेला होता?"

"तुझ्या समोर पितो तेवढंच पितो."

"डॉक्टर मलाच बोलतात. म्हणतात, लक्ष ठेवा, म्हातारी माणसं चोरून पितात."

"चोरून?" अप्पा काट्यावरून उतरले. "छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, उत्तर चुकलं तरी चालेल, पण दुसऱ्याचं बघून लिहू नका. आणि मी आता घोटभर पाण्यासाठी चोरी करू?"

गिरिजाने अर्धाच कप चहा आणून ठेवला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं, आणि मोजे काढायला खाली वाकले. मोज्याच्या रबराचा घोट्यावर खोल वळ उमटला होता. त्यांनी तो अंगठ्याने दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"मैदा झालाय पायाचा," ते हसले. "पोळ्या लाटशील का?"

मूत्रपिंडं थकल्यापासून दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दिवसाआड दुपारी चार तास अप्पा घरच्या डायलिसिस यंत्राला जोडून घेत. यंत्राला हात लावायची परवानगी फक्त त्यांनाच होती. सोलापूरच्या डॉक्टर अंबर्डेकरांनी कागदावर लिहून दिलेलं सूत्र त्यांनी स्वतः, एकेक अक्षर शोधून, मराठीत यंत्रात घातलं होतं: आजचं वजन, वजा कोरडं वजन, अधिक यंत्रावर असताना पोटात जाणारं चहापाणी. कोरडं वजन म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असायला हवं ते. जेवढं उत्तर येईल, तेवढे लिटर पाणी यंत्राने काढायचं.

अप्पांनी चष्मा लावला आणि आकडे घातले. ५८.५ − ५७ + ०.५. पडद्यावर उत्तर आलं. त्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे," ते यंत्राला म्हणाले. बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला म्हणत तसंच.

गिरिजा बाहेरच्या खोलीत आपल्या कामाला बसली. ती मुद्रितशोधक होती. पुण्यातल्या प्रकाशकांची पुस्तकं छापायला जाण्याआधी तिच्याकडे येत, आणि एखादा काना चुकला तरी तिच्या डोळ्यात खुपत असे. त्या दुपारी आतून यंत्राची घरघर येत होती, आणि तिला वाटत होतं की अप्पा खोटं बोलताहेत. ते मोठ्यांदा म्हणायचं तिच्याच्याने झालं नाही. अप्पांना तोंडावर काही म्हणायची त्या घरात रीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आत त्यांना धाप लागली. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ते उशाला टेकून बसले होते आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. शब्द आलाच नाही.

*

यंत्र परत न्यायला कंपनीचा माणूस येणार होता. त्याआधी ते पुसून ठेवावं म्हणून गिरिजा तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याच्यासमोर बसली. फडकं फिरवताना पडदा जागा झाला. शेवटची ओळ तिथे तशीच होती.

५८.५ − ५७ + ०.५. त्याखाली, काढायचं पाणी: १ लिटर.

हाडाच्या मुद्रितशोधकाचा डोळा आधी अडतो, डोकं मागून येतं. तिचा डोळा अडला. साडेअठ्ठावन्नातून सत्तावन्न गेले, राहिला दीड. त्यात अर्धा मिळवला की दोन. दोन लिटर. मग एक कुठून आला?

तिने मागच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक वेळी तेच. आधी बेरीज करायची, सत्तावन्न आणि अर्धा, साडेसत्तावन्न. मग ती सगळी साडेअठ्ठावन्नातून वजा करायची. जितकं चहापाणी लिहिलं असेल त्याच्या दुप्पट पाणी दर वेळी अंगात मागे राहत होतं. यंत्रावरून उतरल्यावर वजन कुणी करत नव्हतं; पुढच्या वेळी काटा ते दाखवत होता, डॉक्टर त्यावरून रागावत होत्या, गिरिजा चहा अर्धा करत होती. आणि अप्पा घोटाघोटाचा हिशेब प्रामाणिकपणे यंत्राला सांगत होते. जितकं खरं सांगत होते, तितकं यंत्र कमी पाणी काढत होतं.

खोटं बोलले असते तर जगले असते.

तिने डॉक्टर अंबर्डेकरांना फोन लावला आणि शेवटच्या दिवसाचा आकडा विचारला.

"माझ्याकडे दोन लिटरच दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक वेळचं बरोबर दिसतंय. म्हणून तर मला वाटायचं की सर चोरून..." त्या थांबल्या. "तुमच्याकडून माझ्याकडे उत्तर येत नाही गिरिजाताई. फक्त ओळ येते. ती माझ्याकडचं यंत्र माझ्या रीतीनं सोडवतं."

"ओळ तीच?"

"अक्षर न् अक्षर तीच."



*

यंत्राच्या लेखी '५८.५ − ५७ + ०.५' हे गणित नसतंच. ती नुसती अक्षरांची ओळ असते, 'आमराई' किंवा 'उंबरठा' असावा तशी. तिचं गणित करायचं तर एक वाचणारा लागतो. तो ओळीचे तुकडे करतो, कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला आधी बांधायचा ते ठरवतो, आणि त्या गाठी एकेक सोडवत शेवटी एका आकड्यावर येतो. ओळ एकच असली तरी गाठी निराळ्या मारल्या की आकडा निराळा. पूर्वी गाठी मारायचे नियम यंत्रांमध्ये पक्के ठरलेले असत. मग यंत्रं घराघरांत आली आणि माणसं त्यांत 'पावणेदोन', 'तांब्याभर', 'काल होतं त्याच्या निम्मं' असं लिहू लागली. जुने वाचणारे अडखळत, काहीतरीच उत्तर देत. त्यावर तोडगा म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी 'रीत' आली. रीत म्हणजे ज्या माणसाने ओळ लिहिली, त्याच्यासारखाच ती वाचणारा. तुमचे निरोप, तुमची जुनी आकडेमोड, तुमच्या तोंडची वाक्यं यांवरून ती शिके, आणि तुमची ओळ तुम्ही सोडवली असती तशीच सोडवे. लोक हरखले. आपलं बोलणं पहिल्यांदाच यंत्राला कळलं असं सगळ्यांना वाटलं.

माणूस स्वतःच एखादी गोष्ट चुकीची करत असेल तर, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. रीत त्याला समजून घेई. इतकं नीट समजून घेई की त्याची चूक त्याच्यापेक्षाही नेमाने करी.

अप्पांची चूक गिरिजाला माहीत होती. ती अकरा वर्षांची असल्यापासून.

कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मराठी शाळेतलं प्रत्येक पोर हा मंत्र पाठ करतं. अप्पांनी तो अक्षरशः घेतला होता. मंत्रात बेरीज आधी आहे, वजाबाकी नंतर. म्हणजे दहा वजा चार अधिक तीन असेल तर आधी चार अधिक तीन सात, मग दहातून सात गेले, तीन. पुस्तकाच्या मागे उत्तर छापलं होतं नऊ. अप्पांनी वर्गाला सांगितलं, "छपाईची चूक आहे. पेन्सिली काढा, दुरुस्त करा." साठ पोरांनी नऊ खोडून तीन केले. गिरिजानेही केले.

घरी येऊन तिने दहा चिंचोके मांडले. चार बाजूला केले. तीन आणून ठेवले. मोजले. पुन्हा मोजले. मग सगळे चिंचोके डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवून दिला.

*

सलीम बागवान आला तो टोपलीभर द्राक्षं घेऊन. मार्केट यार्डात त्याचा फळांचा गाळा होता. अप्पांचा तो जुना विद्यार्थी, पन्नाशी उलटलेला, आणि वर्षभरापासून त्याच्याही घरी तसलंच यंत्र आलं होतं. अप्पांनीच त्याला ते चालवायला शिकवलं होतं.

"द्राक्षं तुमच्यासाठी," तो खुर्चीत बसत म्हणाला. "मला मनाई. फळवाल्याला फळं बंद. वरच्याला गंमत करायला आमचंच दुकान सापडलं."

दोन पायऱ्या चढून आला होता, तर बोलताना मध्येच श्वास घेत होता. चपला पायात रुतल्या होत्या.

"ताई, शनिवारी शाळेत शोकसभा. कोरे सर अध्यक्ष. आणि ऐका, मेन गोष्ट ती नाहीच." त्याचा चेहरा उजळला. "शाळेनं ठरवलंय, पोरांच्या सगळ्या यंत्रांवर सरांची रीत लावायची. कायमची. हिरेमठ रीत म्हणून. पुतळेबितळे काय, कावळे बसतात. ही रीत म्हणजे सर रोज वर्गात. तुम्ही वारस, तुम्ही फक्त माईकवर हो म्हणायचं."

"सलीमभाई, तुमच्या यंत्राची ओळ दाखवा."

"आता?"

"आता."

त्याने फोन काढून दिला. ७१ − ६९ + १. काढायचं पाणी: १ लिटर.

"तीन हवेत," गिरिजा म्हणाली. "एक नाही."

"एकच की. एकोणसत्तर न् एक सत्तर. एकाहत्तरातून सत्तर गेले, एक." तो वर्गात उभा राहून म्हटल्यासारखा म्हणाला. "आधी बेरीज, मग वजाबाकी."

"तुमच्या गाळ्यात दहा पेट्या होत्या. चार विकल्या, तीन नव्या आल्या. किती?"

"नऊ." त्याने लगेच सांगितलं. मग कपाळाला आठी पडली. "पण ते धंद्याचं झालं, ताई. हे गणित आहे."

गिरिजाला हसू आलं असतं, एरवी. ती त्याच्या शेजारी सरकून बसली.

"निदान कंस घाला. एकाहत्तर वजा एकोणसत्तर, याच्याभोवती. एवढं माझं ऐका."

"सर म्हणायचे, गरज नसताना कंस घालतो त्याच्या मनात शंका असते." सलीमने फोन हळूच परत घेतला. "तुमच्या मनात शंका आहे का सरांबद्दल?"

तिने द्राक्षांची टोपली उगाच बाजूला सरकवली.

"मी आठवीत दोनदा नापास. बाप म्हणाला, बस झालं, हातगाडी धर. सर घरी आले, बापाशी भांडले. त्यांनी जे शिकवलं त्यावर गाळा उभा केला मी." तो उठला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "तुम्ही दुःखात आहात. माणूस गेल्यावर काहीबाही सुचतं. शनिवारी गाडी पाठवतो."

*

कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी मायेने बोलत होती. तिने गिरिजाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बागवान यांचं स्वतःचं लिखाण फार थोडं होतं, मॅडम. असं असलं की यंत्र जवळच्या माणसाची रीत उसनी घेतं. त्यांची थोडीफार आकडेमोड हिरेमठ सरांशी तंतोतंत जुळली."

"सरांच्या हाताखालून गावातली निम्मी माणसं गेलीत. अशी यंत्रं किती आहेत?"

"तो आकडा सांगता येत नाही. नावंही नाहीत. खाजगी माहिती असते."

"फक्त डायलिसिसची?"

मुलगी थोडी घुटमळली. "रीत सगळीकडे तीच असते, मॅडम. इन्शुलिनचे पंप, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, टाकीत क्लोरीन सोडणारी यंत्रं. ओळ लिहिणारा माणूस असला की झालं."

गिरिजाने खिडकीतून बाहेर बघितलं. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेची टाकी उभी होती. वॉल्व्हवर अप्पांचाच एक विद्यार्थी होता. सणाला पाया पडायला येई.

"मग ती रीत दुरुस्त करा."

"आम्ही हात लावू शकत नाही. कायदाच आहे. माणूस हयात नसेल तर फक्त वारस, आणि तेही तोंडी, वारसाच्या निवेदनाच्या माईकवर. त्या माणसाला उद्देशून, त्याची चूक शब्दांत सांगून. लेखी चालत नाही, कारण लेखी आलं की यंत्र ते तुमची रीत म्हणून धरतं, त्यांची नाही. आणि ही दुरुस्ती ज्यांनी ज्यांनी ती रीत घेतली आहे त्या सगळ्यांच्या यंत्रांवर जाते. तुमच्या आवाजात. लोकांना ते आवडत नाही, मॅडम. आतापर्यंत फार कमी वारसांनी केलंय."

फोन ठेवल्यावर गिरिजाने तरीही लिहून बघितलं. अप्पांच्या यंत्रासमोर बसून तिने टाइप केलं: दहा वजा चार अधिक तीन बरोबर नऊ.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग अक्षरं उमटली.

छपाईची चूक आहे. पेन्सिल काढ, दुरुस्त कर.

तिचा हात कळफलकावरच राहिला. तो आवाज नव्हता, नुसती अक्षरं होती, पण त्यातला दमही त्यांचाच होता आणि त्यामागची मायाही. यंत्र परत न्यायला माणूस येणार होता तरी हे कुठेही जाणार नव्हतं. तिने ठरवलं तर शनिवारनंतर गावातल्या प्रत्येक वर्गात अप्पा बसणार होते, तिने कधीही हाक मारावी आणि त्यांनी असं उत्तर द्यावं. आणि ती बोलली तर हे वाक्य पुन्हा कुणाच्याच पडद्यावर येणार नव्हतं.

तिने अजून एक ओळ लिहिली. अप्पा, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता?

यात सोडवण्यासारखं काही नाही, पडद्याने सांगितलं. पुन्हा करून बघ.

*

शनिवारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. अप्पांचा मोठा फोटो, त्याला शेवंतीचा हार. गाव लोटलं होतं. वॉल्व्हमन होता, पतपेढीचे व्यवस्थापक होते, वसतिगृहाच्या बाई होत्या, चिंच बाजारातले आडते होते. पुढच्या रांगेत पाचवीची मुलं मांडी घालून बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर शाळेने दिलेली पाटी, पडदा अजून कोरा.

सलीम पहिल्या खुर्चीवर होता. रांगेत सगळ्यांत आधी येऊन बसला होता, पण सरळ बसवत नव्हतं. पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो श्वास घेत होता. गिरिजाने असं बसलेलं माणूस नुकतंच पाहिलं होतं.

ती त्याच्यापाशी वाकली. "दवाखान्यात चला. लगेच."

"सभा होऊ दे," तो म्हणाला. एकेक शब्द सुटा येत होता. "तुम्ही हो म्हणा. मग जातो."

"कंस घातला?"

त्याने मान हलवली. नाही. आणि हसायचा प्रयत्न केला. "शंका... नाही मनात."

तिने मागे उभ्या असलेल्या त्याच्या भाच्याला गाडी फाटकाशी आणायला सांगितलं. तेवढ्यात कोरे सरांनी तिचं नाव पुकारलं.

कोरे सर अप्पांच्याच हाताखाली शिक्षक झाले होते. त्यांनी माईक तिच्या हातात दिला. माईकला एक छोटं यंत्र जोडलेलं होतं, त्यावर हिरवा दिवा.

"वारसाचं निवेदन," ते हलक्या आवाजात म्हणाले. "'माझी संमती आहे' एवढंच म्हण, बाळ. बाकीचं ते समजून घेतं."

मांडव शांत झाला. फोटोतले अप्पा वर्गात बघत तसे सगळ्यांवरून बघत होते. समोर साठेक मुलं, कोऱ्या पाट्या. सलीम मान वर करून तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत तो विश्वास, जो तिच्यासाठी नव्हताच. त्याच्या मागे रांगांमागून रांगा, आणि त्यात कोण कोण आधी बेरीज करतं हे तिला कधीच कळणार नव्हतं.

संमती न देता नुसतं खाली उतरता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं, बाप गेलेल्या मुलीला रडू आलं असं लोक समजले असते. आणि दुपारी टाकीवर कुणीतरी क्लोरीनची एक ओळ सोडवली असती.

"अप्पा," ती म्हणाली.

तिचाच आवाज कर्ण्यातून परत तिच्याकडे आला. माईकवरचा संमतीचा हिरवा दिवा जाऊन दुरुस्तीचा पिवळा लागला. मांडवात कुणीतरी हुंदका दिला.

"अप्पा, दहातून चार गेले. राहिले सहा. त्यात तीन आले."

कोरे सरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने बोटं मोजायला सुरुवात केली. सलीमच्या कपाळाला तीच आठी पडली. पेट्यांच्या वेळी पडली होती ती.

"नऊ होतात, अप्पा. मी चिंचोके मांडून बघितले होते. तेव्हाच." तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "तुमचं चुकलं होतं. पुस्तक बरोबर होतं."